खालून न आलेला आवाज

"कोणाला प्रोग्रॅममधून बाहेर काढायच्या आधी खाली येऊन बघत जा," असं तळमजल्यावरच्या औषधांच्या स्टोअरमधल्या मावशींनी वरच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरच्या त्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी चौघांनाच लॉग-इन करता येई. पाचवा आला की कोणाला तरी बाहेर काढावं लागे, आणि ते बटण तिच्याकडे होतं. तान्ह्या लेकीला पाळणाघरात ठेवून आलेल्या आईला सारखे जिने उतरायला सवड कुठली? ती बटण दाबायची आणि खालून मावशी ओरडायच्या, "कोण गं ती मला हाकलणारी? सासू लागून गेलीस का माझी?" वर सगळे हसायचे.

त्या दुपारी मावशींचं नाव बराच वेळ पडद्यावर नुसतंच होतं, काम काहीच होत नव्हतं. तिने बटण दाबलं, पण खालून आवाज आला नाही. लेक खेळता खेळता एकदम गप्प झाली की ती जशी हातातलं काम टाकून उठायची, तशीच आताही उठली. ती धावतच खाली गेली.

मावशी कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, घामाने डबडबलेल्या. कामाच्या नादात जेवण राहिलं होतं आणि साखर उतरली होती. तिने डॉक्टरांना हाक मारली, साखरेचं पाणी पाजलं.

"आज ओरडायचं राहिलंच बघ," मावशी पुटपुटल्या.

"राहू दे. आता मीच येत जाईन," त्यांचा हात न सोडता ती म्हणाली.

तुमच्याही ऑफिसात कोणाचं नाव असं नुसतंच दिसत असेल, तर आधी उठा आणि त्या माणसाला बघून या.