डॉक्टरांचा जुना कॉम्प्युटर

तपासणी केंद्रातले सगळे कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात, त्याला लोक चेष्टेने कुलूपराव म्हणत. बाहेरचा पेनड्राइव्ह एकाही कॉम्प्युटरने घ्यायचा नाही, असा त्याचा नियम. पण मोठ्या डॉक्टरांना लेकीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते, आणि त्यांना नाही म्हणायची कुलूपरावाची काय बिशाद. त्याने पेनड्राइव्ह चालू देणारा ‘सूट’ नावाचा गट केला, डॉक्टरांचा कॉम्प्युटर त्यात टाकला आणि त्या गटाला सगळ्या नियमांच्या वर बसवलं. दोन नियमांची जुंपली की वरचा जिंकतो.

काउंटरवर त्याची वहिनी बसे. नोकरी त्यानेच शब्द टाकून लावलेली. दादाने पाठदुखीपायी अंथरूण धरल्यापासून घर तिच्या पगारावर चालत होतं. पेशंट पेनड्राइव्ह पुढे करत, “यातला जुना रिपोर्ट बघा ना.” वहिनी हुज्जत घालत नसे. सरळ पेनड्राइव्ह लावायची, स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची, “बघा, घेतच नाही.” ही युक्ती कुलूपरावाचीच. “बिनधास्त लावा वहिनी, नकार द्यायचं काम माझं.”

मग डॉक्टरांना नवा कॉम्प्युटर आला आणि जुना काउंटरवर गेला. त्याला गटातून काढायचं राहून गेलं. मंगळवारी वहिनीने लावलेला एका पेशंटचा पेनड्राइव्ह त्या कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतला, आणि त्यातल्या व्हायरसमुळे दुपारपर्यंत केंद्रातला एकही रिपोर्ट उघडेना. पेशंट शिव्या घालत परत गेले.

कारण कुलूपरावाच्या लगेच लक्षात आलं. त्याने आधी काय केलं, तर तो कॉम्प्युटर गुपचूप ‘सूट’मधून काढला. व्यवस्थापक बाईंनी बोलावलं ते त्यानंतर.

“नियम होता ना?”

“होता.”

“मग असं कसं झालं?”

“पेनड्राइव्ह लावायलाच नको होता.”

यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. वहिनी शेजारीच उभी होती. “मीच लावला,” एवढंच ती म्हणाली. भावोजींनी सांगितलं होतं, असं ती म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती म्हणाली असती तर त्याला कबूल करणं भागच पडलं असतं. ती म्हणाली नाही. बाईंनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी वहिनीने त्याचं ताट वाढलं.

“भावोजी, राग मानू नका. तुम्ही शब्द टाकलात आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली.”

“जेवू दे गं त्याला आधी,” आतून दादा म्हणाला. “दिवसभर त्यालाच निस्तरावं लागलं असेल.”

कुलूपरावाने हातातला घास ताटात ठेवला. आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. तो पाणी प्यायला.

“असू द्या वहिनी,” तो म्हणाला. “चूक कुणाच्याही हातून होते.”

वहिनीने डोळे पुसले. तिचा चेहरा जरा मोकळा झाला आणि तिने त्याला आणखी वाढलं.