फॉर्मवर नसलेली सुई

मला लहानपणापासून एका जागी बसता येत नाही. आक्का मला भिंगरी म्हणायची, अजूनही म्हणते. आणि नशिबाची गंमत बघा, नोकरी मिळाली ती लोकांना गप्प बसवण्याची! पेट स्कॅनच्या विभागात मी टेक्निशियन आहे. आम्ही शिरेतून किरणोत्सारी साखर देतो. शरीरात जिथल्या पेशी अधाशासारख्या साखर ओढतात, तिथे पडद्यावर ठिपका उजळतो. कॅन्सर अधाशीच असतो. पण हातपाय हलवले तर स्नायूही साखर ओढतात, म्हणून औषध दिल्यावर तासभर बोलायचं नाही, मोबाइल नाही, चुळबुळ नाही. हे सगळं पेशंटला दरडावून सांगताना माझा स्वतःचा पाय टेबलाखाली हलत असतो.

त्या दिवशी समोरच्या खुर्चीत आक्काच होती, माझी सख्खी थोरली बहीण. मानेतल्या गाठींचा कॅन्सर, सहा महिने केमो, आणि आता शेवटचा स्कॅन. स्वच्छ आला तर सुटली. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून.

"परत त्यातून जाणार नाही मी, सांगून ठेवते," असं तिने आदल्या दिवशी बजावलं होतं. मी तिच्यावर खेकसले होते. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

"घरच्या माणसाला आपण टोचू नये गं," आमच्या विभागातली नर्स म्हणाली. "मी टोचते, दे इकडे."

"माझा हात चुकत नाही," मी म्हणाले. अकरा वर्षं हेच ऐकवत आले होते सगळ्यांना.

त्यात औषधाची गाडी उशिरा आलेली. हे औषध दोन तासांच्या आत निम्मं होऊन बसतं, त्यामुळे सकाळपासून नुसती पळापळ. केमोने आक्काच्या शिरा पार आत गेल्या होत्या. कशीबशी डाव्या कोपरात एक सापडली. आधी थोडं सलाईन ढकलून शीर नीट धरली आहे ना, हे बघायचं असतं. मी नाही बघितलं, थेट औषधच ढकललं. थोडं गेलं आणि सुईशेजारची कातडी टम्म वर आली. औषध शिरेबाहेर सांडलं होतं. मी सुई काढली, कापूस दाबला आणि उरलेलं उजव्या हातातून दिलं.

"दोनदा का गं टोचलंस?" आक्का म्हणाली.

"तुझ्या शिरा तुझ्यासारख्याच हट्टी. आता तोंडाला कुलूप!"

फॉर्मवर एक रकाना असतो, सुई कुठे दिली त्याचा. मी लिहिलं, उजवा हात. डाव्याचं लिहायला मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

तासाभराने स्कॅन झाला. आक्का कपडे बदलून दाजींबरोबर बाहेर गेली आणि मी डॉक्टरांच्या मागे येऊन उभी राहिले. आमचे डॉक्टर म्हणजे अगदी निवांत माणूस. एकेक चित्र असं सावकाश पुढे सरकवतात की माझा जीव वरखाली होतो. मान आली. स्वच्छ! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात डाव्या काखेत एक ठिपका लखलखला.

"हे नवीन आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फॉर्म ओढला. "सुई उजवीकडे दिलीय. मग हा आजारच धरावा लागेल."

सांडलेलं औषध काखेतल्या गाठीत जाऊन चमकतं, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच तर तो रकाना असतो.

"सर, मी डावीकडेही टोचलं होतं. सांडलं थोडं. लिहिलं नाही मी."

ते खुर्चीत वळले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "ठिपका दिसल्यावर सांगतेस?" ते हळू आवाजात म्हणाले. "बहिणीसाठी कोणीही एवढं म्हणेल. फॉर्मवर एक आणि तोंडाने दुसरं, मी कशावर सही करू?"

खरं बोलूनही खोटी ठरले. आणि खरंच तो आजार असला तर? मलाच खात्री नव्हती. स्कॅनमध्ये हात डोक्यावर घेतलेले असतात, कोपर चित्रात आलंच नव्हतं.

"कोपराचं चित्र काढते, सांडलेलं तिथे चमकेल. औषध अजून आहे अंगात. दहा मिनिटं द्या, सर!"

जिना उतरून फाटकापर्यंत धावले. दाजी गाडी वळवत होते, आक्का मागे बसून बिस्किट खात होती. मला बघून तिचा हात तसाच राहिला.

"काय निघालं?"

"काखेत ठिपका आहे. माझ्या चुकीने आलेला असू शकतो. चल लवकर, परत झोपायचंय."

"आणि तुझी चूक नसली तर?"

"तर आजार आहे, आक्का."

दाजींनी गाडी बंद केली. ती बिस्किट ठेवून उतरली.

टेबलावर तिचा डावा हात सरळ ठेवला. चित्र पूर्ण व्हायला तीन मिनिटं लागतात. काचेमागे उभी राहून मी आयुष्यात पहिल्यांदा जराही हलले नाही. देवा, चूक माझीच असू दे. अकरा वर्षांचं नाव मातीत जाऊ दे, नोकरी जाऊ दे, पण सांडलेलं असू दे.

पडद्यावर कोपर उजळलं. चांगला रुपयाएवढा डाग.

"थोडं म्हणे," डॉक्टर म्हणाले. "बरंच सांडवलंस की." मग त्यांनी चष्मा काढला. "काखेची सोनोग्राफी करून घेऊ, खात्रीसाठी. पण आजार म्हणून मी हे लिहीत नाही. मेमो मात्र मिळेल तुला."

"दोन द्या, सर," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

फॉर्मवर डावा हात लिहिला, खाली सही केली. मग आत गेले. आक्का छताकडे बघत पडली होती. मी सांगितलेलं पाळत होती, हलत नव्हती की बोलत नव्हती. माझ्याकडे नुसते डोळे वळवले.

"चुकले गं आक्का," मी म्हणाले. "माझाच हात चुकला."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "परत म्हण."