काचेवरचं कुंकू

अमेरिकेच्या खगोलशास्त्रज्ञ डॉ. लोरेन हॅस्टी यांनी एकतीस वर्षं एकाच लघुग्रहाचा पिच्छा पुरवला होता. तो एखाद्या ताऱ्यासमोरून जाईल तेव्हा किती सेकंद तारा झाकतो, एवढंच त्यांना मोजायचं होतं. चिलीत ढग आले, केनियात यंत्र बिघडलं, तिसऱ्यांदा विमानच चुकलं. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. शेवटची संधी संभाजीनगरजवळ, आमच्या दौलताबादच्या शाळेच्या मैदानावर होती. संध्याकाळी सात बेचाळीसला, जेमतेम चार सेकंद.

"सत्कार आठला ठेवू," मी संस्थेच्या अध्यक्षांना, काकासाहेबांना विनवलं. मी तिथं विज्ञान शिकवते.

"आठला मला लग्नाला जायचंय. आन् पाहुणी सत्काराबिगर गेली तर लोक तोंडात शेण घालतील."

सातला शाल, श्रीफळ झालं आणि काकासाहेबांनी परिचय सुरू केला. बाईंचा जन्म, बापाची शेती, शिष्यवृत्ती. चिलीच्या ढगांवर तर ते सात मिनिटं बोलले. बाई शालीत घामाघूम होऊन घड्याळ बघत होत्या. मला काकासाहेबांचा माईक हिसकावून घ्यावासा वाटत होता, पण नोकरी त्यांच्याच हातात.

सात एकेचाळीसला बाई उठून मैदानावर लावून ठेवलेल्या दुर्बिणीकडे धावल्या. पुढच्या काचेवर हळद-कुंकवाची पाच बोटं उमटली होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाई कौतुकानं म्हणाल्या, "नवी मशीन, पूजा नको व्हय?"

बाई शालीनं काच पुसू लागल्या. कुंकू आणखीच पसरलं.

"कोणता तारा, मॅडम?" कस्तुराबाईंनी विचारलं. त्यांचं बालपण मेंढरांमागं, उघड्यावर गेलेलं. मी बोट दाखवलं. मंडपाच्या दिव्यांकडं पाठ करून त्या बघत राहिल्या.

"गेला!" त्या ओरडल्या. मग, "आला!"

दोन्ही हाका सत्काराच्या व्हिडिओत आल्या. दोन्हींमधली नेमकी वेळ मोजली, तर तीन पूर्णांक सहा सेकंद. लघुग्रहाचा आकार ठरला. शोधनिबंधात छापून आलं: निरीक्षक कस्तुराबाई, साधन डोळे. काकासाहेब अजून माझ्यावर फुगलेत. व्हिडिओ त्यांचा आणि नाव भलत्याचंच.

मी कस्तुराबाईंना निबंध वाचून दाखवला. त्या लाजल्या, हसल्या. मग म्हणाल्या, "एकतीस वर्सं मागं लागली बिचारी. तिला सोताला दिसला का पण?"

"नाही," मी म्हटलं. "त्या काचेवरचं कुंकू पुसत होत्या."