वाईट बोलायचं तर बाहेर

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या वरच्या टोकाला, समुद्राच्या बांधाआड, वारा असा सुटतो की गाईची धार काढायला बसलं तर दूध बादलीत पडतच नाही, पार शेजारच्या गावात जाऊन पडतं. तिथल्या कोंबड्या अंडं घालताना आधी काहीतरी घट्ट धरतात. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं. तिथेच नीलांबरीकाकूंचं घर आहे, लाल विटांचं, मागे मोठं कोठार आणि पुढे पाण्याचा चर.

रमेशकाका आइंडहोवनला चिपांच्या मशिनी जुळवता जुळवता रिटायर झाले, तेव्हा काकूंनी हट्टानं हे घर घेतलं. त्या भागातला जमिनीखालचा गॅस वर्षानुवर्षं उपसला, त्यामुळे जमीन मधूनच हलते. गॅस काढणं आता बंद झालंय, पण जमिनीची खोड जात नाही. लोक घाबरून विकत होते आणि काकू न घाबरता घेत होत्या. "पहिला धक्का बसला ना," काकू सांगायच्या, "तेव्हा तव्यावरची भाकरी आपली आपण उलटली. आणि काय फुगली म्हणून सांगू! तशी मला कधी जमली नव्हती."

आता एका कंपनीला तिथे विजेच्या अजस्र बॅटऱ्या मांडायच्या होत्या. आजूबाजूची शेतं तिनं घेऊन टाकली होती. मधोमध उरलं होतं काकूंचं घर. कंपनी म्हणत होती की घर धोकादायक आहे, म्हणून भाव इतकाच, आणि लवकर सही करा. घर दोघांच्या नावावर, सही दोघांची लागणार. काकू जागच्या हलत नव्हत्या, पण काका डळमळले होते. मुलगा पुष्कर रॉटरडॅमहून रोज फोन करायचा, "बाबा, इथे माझ्याजवळ कापेलला लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवलाय." काकांचे गुडघे लिफ्टच्या बाजूचे होते. आणि काका एकदा तिकडे झुकले की आपण एकट्या किती ताणणार, ही काकूंच्या जिवाला घोर.

कंपनीची दोन डच माणसं आधी येऊन हात हलवत परत गेली होती. मग तिकडे कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, बाई मराठी आहे ना, मराठी माणूस पाठवा! म्हणून हूफडॉर्पच्या ऑफिसातून ऋषभ आला. मूळचा पुण्याचा, पोरगा गोड. दारातच वाकून नमस्कार केला. काकू मनात म्हणाल्या, संस्कार आहेत. म्हणजे सापडला.

"ये रे, बस. थालीपीठ लावतेय. लोणी घेशील ना?"

"घेतो काकू. पण आधी कामाचं बोलू. हे बघा, तुमच्या या भिंतीला—"

"थांब!" काकूंनी उलथनं वर केलं. "घरात वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते. आईनं शिकवलं नाही?"

ऋषभ चपापला. आईनं शिकवलं होतं. अगदी चापट मारून शिकवलं होतं.

"पण काकू, मला तडे दाखवायचेत."

"दाखव की. बाहेर चल."

बाहेर गारांचा पाऊस आडवा येत होता. ऋषभ कोटाची कॉलर धरून ओरडला, "काकू, भिंतीला तडा आहे!"

"काय?"

"तडा!"

"ऐकू येत नाही बाबा. आत ये आणि सांग."

आत आला की उलथनं वर. छपराचं सांगायला बाहेर, पायाचं सांगायला पुन्हा बाहेर. काका खिडकीशी बसून ही ये-जा बघत होते. त्यांच्यासमोर टेबलावर कंपनीचे कागद होते, पेनाचं टोपण काढलेलं होतं. काकूंनी ते बघितलं आणि थालीपीठ थापत राहिल्या.

"अहो, सही करायची असली तर करा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी हात धरणार नाही. पण कापेलच्या फ्लॅटमध्ये तुमचं ते कोठारातलं लेथ मशीन कुठे ठेवणार? लिफ्टमध्ये?"

"नीला, थंडी सोसत नाही गं आता."

"थंडी सोसत नाही म्हणून घर विकायचं? मग स्वेटर कशाला विणले मी? कंपनीला घालायला?"

तेवढ्यात ऋषभचा फोन वाजला. साहेबाचा, हेंड्रिकचा. तो फोन घेऊन बाहेर धावला आणि लगेच आत आला. वाऱ्यात साहेबाला नुसती सूंसूं ऐकू येत होती. हात गारठलेले, फोन धरवेना, म्हणून स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"घराची अवस्था कशी आहे?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

ऋषभनं काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे बोट केलं. वास्तू ऐकत होती.

"घर... चांगलं आहे, हेंड्रिक."

"काय?"

"भक्कम आहे. ऊबदार आहे. वास फार छान येतोय."

मग साहेब वैतागून म्हणाला, "धोकादायक आहे असं तू लिही, बाकी मी बघतो. आणि त्या बाईच्या नादी लागू नकोस. नवरा नरम आहे, त्याला धर. त्यानं एकदा सही केली की ती कुठे जाते?"

ऋषभनं झडप घालून फोन बंद केला, पण उशीर झाला होता. तव्यावर थालीपीठ चुरचुरत होतं.

रमेशकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नरम?" ते म्हणाले. "मला म्हणाला?"

"काका, त्याचा अर्थ तसा—"

"मला इंग्रजी कळतं रे." काका उठले. गुडघे कुरकुरले, पण आज त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. पेनाला टोपण घातलं, खिशात टाकलं. कागदांची चळत ऋषभच्या हातात दिली. "साहेबाला सांग, हे घर विकायचं नाही. आज नाही, भाव वाढवलास तरी नाही. आणि बाई नाही म्हणाली असं सांगू नकोस. नवरा म्हणाला, असं सांग."

काकूंना इतकं हसू आलं की त्यांनी तोंड तव्याकडे वळवलं. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं, असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या, पण थालीपिठात कांदा नव्हताच.

"काकू, माझी नोकरी जाईल," ऋषभ हळूच म्हणाला.

"घरात वाईट बोलू नकोस म्हटलं ना! खा आधी." त्यांनी त्याच्या ताटात लोण्याचा गोळा टाकला. "आणि ऑफिसात सांग, पुढच्या वेळी मराठी माणूस पाठवू नका. फुकट जातो."

ऋषभ जेवला, पोटभर जेवला. निघताना काका त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले, भर गारांत, मफलरसुद्धा न घेता. काकू दारात उभ्या राहून ओरडल्या, "अहो, शौर्य पुरे झालं! आत या आणि पुष्करला फोन लावा. तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक म्हणावं!"