विद्युतनाथांची डबी

ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत तिन्हीसांजेला मीटरच्या खोलीपुढे गर्दी लोटायची. नारळ, उदबत्त्या आणि मधोमध विद्युतनाथ महाराज. दिवाळीपासून पाच टीव्ही आणि दोन फ्रिज जळाले होते, तेही नेमके दिवेलागणीला.

"वीज म्हणजे देवीच. रुसलीय ती," महाराज म्हणाले. "अर्थिंग जमिनीत कसलं घालता, श्रद्धेत घाला."

मग त्यांनी लाल दोरा बांधलेल्या, मागे पिना असलेल्या बंद डब्या दिल्या. सॉकेटात खोचायच्या. दोन महिने खरंच काही जळलं नाही आणि महाराजांचा भाव वधारला. अट एकच होती. डबी उघडली की त्या घरातलं आजारी माणूस महिन्यात जाणार.

आमच्या घरात आजारी माणूस होतं. आई, आवडाबाई. ऑक्सिजनच्या मशीनची नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरते, तेवढंच तिचं जग. मशीनच्याच शेजारच्या सॉकेटात डबी. मी देव मानत नाही, पण त्या डबीला हात लावायची माझी छाती होत नव्हती. याची लाज वाटायची.

सोमवारी डबी असूनही वरच्या मालनताईंचा टीव्ही जळला. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. आता आईचं मशीन जळलं तर? डबी ठेवली तरी भीती, काढली तरी भीती.

तळमजल्यावरच्या सरोज मॅडम आयटीआयमध्ये शिकवतात. त्या घरी आल्या.

"साईनाथ, दिवेलागणीला पाणी येतं, टाकी भरली की पंप बंद करतात ना? त्याचा स्टार्टर जुनाट आहे. बंद करताना ठिणग्या उडतात आणि लाइनमध्ये विजेची उसळी येते. तीच वस्तू जाळते. डबी उघडू दे."

"नको मॅडम. आईच्या जिवावर..."

"मरण माझं, आणि मलाच विचारत नाहीस होय रे?" आई खाटेवरून म्हणाली. "कात्री आण."

मॅडमनी डबी सॉकेटातून काढून तिच्या हातात दिली. आईने स्वतः दोरा कापला. आत राख आणि राखेखाली रुपयाएवढी निळी चकती, अर्धी काळी पडलेली.

"ही चकती उसळी आपल्या अंगावर घेते, म्हणून दोन महिने वस्तू वाचल्या," मॅडम म्हणाल्या. "दर उसळीला ती झिजते. ही कधीच मेलीय. दुकानात चहाच्या किमतीत मिळते. राख तेवढी महाराजांची."

इतके दिवस आई एका मेलेल्या चकतीच्या भरवशावर श्वास घेत होती आणि तो भरवसा मीच जपला होता.

मॅडमनी त्याच दिवशी मशीनला चांगलं संरक्षक यंत्र लावलं. चार दिवसांत पंपाचा स्टार्टर बदलला. त्यानंतर काही जळलं नाही. महाराज फिरकले नाहीत.

माझं सांगणं एवढंच: जी वस्तू उघडायची भीती घातली जाते, ती जाणत्या माणसाला बोलावून आधी उघडा.

काल महिना पुरा झाला. आज मालनताई आपली डबी घेऊन दारात घुटमळत होत्या. त्यांच्या सासूबाईही आजारी असतात.

"आत ये," आई नळी सावरत म्हणाली. "माझा महिना काल संपला." आणि तिने उशाखालची कात्री काढून पुढे केली.