शेवटच्या थेंबातला रेणू

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. तसा माझा जन्म गेल्या महिन्यातला; जुना आहे तो माझा साचा. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलजवळच्या एका डबक्यात, अमीबाच्या केंद्रकात मी घडलो. आम्हाला आरएनए म्हणतात. शंभरेक अक्षरांची माझी साखळी एका जागी दुमडून केसातल्या पिनेसारखी झाली आहे. समोरासमोरची अक्षरं एकमेकांचा हात धरतात, जी सीचा आणि ए यूचा, म्हणून ती दुमड टिकते.

काम शिंप्याचं. जनुकाच्या निरोपातले नको ते तुकडे कापायचे, उरलेले जोडायचे. आम्ही चार-पाच सोबती मिळून ते करतो. प्रथिनांचं कौतुक सगळे करतात, आमचं नाव कोणी घेत नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग लोसालीन भेटली. लहानपणी टोंगा बेटांवरून आलेली ही मुलगी तीन वर्षं याच अमीबाच्या मागे होती. यंदाच्या उकाड्यात वीज गेली आणि प्रयोगशाळेत वाढवलेले तिचे सगळे अमीबा मेले. उरला त्यांच्यातून आधीच काढून नळीत ठेवलेला आमचा एक थेंब. त्यातला कणभर तिने अक्षरं वाचून घ्यायला पाठवला. अक्षरं हाती आली तेव्हा तिने ती माणसाच्या अक्षरांशेजारी ठेवली.

"हे तर माणसाचं आहे, नोलीन! माझ्याच कातडीचा कण पडला असणार. तीन वर्षं पाण्यात गेली."

तिने झाकणावर 'खराब' लिहिलं आणि नळी कचऱ्याच्या डब्यावर धरली. मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

नोलीन तीस वर्षं ती प्रयोगशाळा सांभाळत होती. ती ओरडली, "थांब गं बये! इथल्या प्रत्येक पोराने ही चूक केलीय. जरा सारखं दिसलं की म्हणे माझीच घाण! पिनेपाशी बघितलंस का?"

लोसालीनने बोट ठेवून वाचलं. "माणसात इथे जी असतो. याच्यात ए आहे."

"आणि समोर?"

"माणसात सी... याच्यात यू." तिने दोन्ही ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. "एक बदललं तसं समोरचंही बदललंय. हात सुटलेलाच नाही!"

"मग? तुझ्या कातडीत अशी जोडी आहे होय? अमीबाचाच आहे तो, साचा तेवढा दोघांचा एकच जुना. तुझा लांबचा काका म्हण हवं तर."

"आमच्यात काकालाही बापच म्हणतात," लोसालीन बाहीला डोळे पुसत म्हणाली. तिने नवे हातमोजे चढवले आणि मला बर्फात ठेवलं.

मित्रांनो, उघड्या बोटाच्या नुसत्या स्पर्शानेही मी विरून जातो, तेव्हा मला जपून हाताळा. आणि कोणी फार आपल्यासारखं दिसलं, तर टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. माझ्या झाकणावरचं 'खराब' तिने पुसून टाकलंय. तिथे आता 'बाबा' लिहिलंय.