लाभाचा कोट

मित्रांनो, मी कोट आहे आणि जुना आहे. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्हाला नाकं मुरडायला नको.

रंग पांढरा. एका शिंप्याने मला भाड्याच्या खोलीत बसून स्वतःसाठी शिवलं. तो परदेशात नोकरीला होता आणि त्याला आता तिसऱ्याच देशात कामाचा व्हिसा हवा होता. फोटोला आणि मुलाखतीला तो मला घालून गेला आणि व्हिसा मिळाला. निघताना मला खुंटीवर अडकवून म्हणाला, "असू दे, पुढच्याच्या कामी येईल."

पुढचा होता एक ड्रायव्हर. त्यालाही मिळाला. मग एक हिशेबनीस आला, त्याच्या पोटावर माझी बटणं कशीबशी लागली, तरी त्याचंही काम झालं. झालं, माझा भाव वधारला. मी लाभाचा कोट ठरलो.

त्या घराचा कारभार मावशींच्या हाती होता. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. दिवसभर ऑफिसांमधून झाडूपोछा करायच्या आणि घरी येऊन सगळ्या भाडेकरूंना धाकात ठेवायच्या. त्यांनी फर्मान काढलं, की या कोटाला पाणी लावायचं नाही, लाभ धुऊन जाईल. थंडीत कुणी अंगावर घ्यायचा नाही, लाभ झिजेल. एकदा एक भाडेकरू तापाने कुडकुडत होता आणि मी समोर खुंटीवर नुसता लटकत होतो. मान फार होता मला, मित्रांनो, पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

पुढे बरीच वर्षं कुणी व्हिसा मागितला नाही. मी कपाटाच्या तळाशी गेलो. माझ्यावर इस्त्री, इस्त्रीवर जुन्या चादरी. सोबतीला डांबराच्या गोळ्या.

मग आमची नर्स आली. लहानखुरी, कमी बोलणारी. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या देशात काम मिळालं होतं आणि लेकीला घेऊन तो पुढे गेला होता. हिला तिथल्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती, पण व्हिसा अजून नव्हता. आणि इथे राहण्याचा परवाना संपत आला होता. तो संपायच्या आत अर्ज गेला नाही, तर मायदेशी परत जाऊन सगळं पहिल्यापासून करायचं. लेक तेवढ्यात आणखी केवढी मोठी झाली असती कोण जाणे.

"घाबरतेस कशाला?" मावशी म्हणाल्या. "याने तिघांना पोचवलंय." आणि मला झटकून तिच्या अंगावर चढवलं. बाह्या तिच्या बोटांच्या खाली गेल्या. मावशींनी त्या आतून दुमडून टाचण्या लावल्या. मी ताठ झालो. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी गरज लागली होती.

अर्ज द्यायला मावशीही सुट्टी काढून सोबत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने मला घालून काढलेला तिचा फोटो उचलला, जवळ नेला, लांब धरला.

"बाई, यात तुमचे खांदे कुठे आहेत?"

पूर्वी फोटोत मागे निळा पडदा चालायचा. आता नियम बदलून पांढरा झाला होता. पांढऱ्यावर पांढरा मी पार विरघळलो होतो आणि बिचारीचं नुसतं डोकं हवेत तरंगत होतं.

"दुसरा आणा. खिडकी बंद व्हायच्या आत आलात तर आजच घेतो. नाहीतर नवीन तारीख घ्या, ती पुढच्या महिन्यातली मिळेल."

पुढच्या महिन्यात परवानाच नव्हता. "मावशी, माझी पोर मला विसरेल हो," नर्स एवढंच म्हणाली.

मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. भर रस्त्यात, बोचऱ्या वाऱ्यात अंगातला जाड निळा स्वेटर काढला आणि मला उतरवून तो तिला घातला. "चल, फोटोवाला समोरच आहे." स्वतः मात्र काकडायला लागल्या. तेव्हा नर्सने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि त्यांच्याच खांद्यांवर घातलं.

"अगं, लाभ..." मावशी पुटपुटल्या.

"असू द्या हो मावशी. आधी तुम्ही आजारी पडू नका."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा कोट झालो. खिडकी बंद व्हायच्या आत अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी व्हिसा आला. मावशींनी मला साबणाच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ धुतलं आणि तिच्या बॅगेवर ठेवलं. "तिकडे थंडी जास्त आहे म्हणे. लाभाबिभाचं सोड. अंगात घाल."

विमानतळावर लेक बापाच्या पायांमागे लपली. नर्सने तिला ओढलं नाही. नुसती समोर बसून राहिली. गाडीत मात्र पोरीला पेंग आली आणि ती आईच्या मांडीवर कलंडली. नर्सने मला दोघींवर पांघरलं. झोपेतच एका चिमुकल्या मुठीने माझी कॉलर आणि आईचं बोट एकदमच धरलं.

"हात अवघडला असेल तुझा," नवरा म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुठे एखादा जुना कोट मानाने लटकत असेल, तर त्याला खाली काढा, धुवा आणि ज्याला थंडी वाजतेय त्याला द्या. त्याच्यात लाभ असेल की नाही ठाऊक नाही, पण ऊब नक्की असेल.